बक्षीस नेमके कशाचे?

भुकेले मांजर पिंजऱ्यात आहे. दांडी दाबली की वाटीत थोडे दूध आणि चिकनचे पाणी येते, हे त्याला कळून चुकले आहे. आता नियमात एक भर पडते: एक सूर वाजत असेपर्यंत दांडीला हात लावायचा नाही, सूर थांबला की दाबायची. मांजर मग तेच करते जे उंदराच्या बिळासमोर करते. अंग दगडासारखे स्थिर, कान टवकारलेले, शेपटीचे टोकसुद्धा हलत नाही. झोप नाही, सुस्ती नाही, नुसता दबा.

१९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बॅरी स्टरमन हा प्रयोग करत होते. त्यांचा मूळ विषय झोप. हालचाल रोखून धरताना मेंदूत काय घडते, हे त्यांना पाहायचे होते. मांजर दबा धरून बसले की मेंदूच्या वरच्या भागात, जिथून शरीराची हालचाल आणि स्पर्श सांभाळला जातो, तिथे एक ठळक लहर उमटायची. सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तने, म्हणजे १२ ते १५ हर्ट्‌झ. ‘सेन्सरीमोटर ऱ्हिदम’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एसएमआर’ म्हणतात.

पुढची पायरी वर्तनशास्त्रज्ञालाच सुचावी अशी होती. दांडी काढून टाकली आणि बक्षीस थेट लहरीला जोडले. एसएमआर उमटली की दूध, नाही तर काही नाही. वांडा विर्विका यांच्यासोबतचा हा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. मांजरे ती लहर मुद्दाम आणायला शिकली. त्यासाठी त्यांनी दबा धरण्याची तीच मुद्रा शोधून काढली, कारण लहर तिथेच सापडत होती. मेंदूच्या लहरीला बक्षीस देऊन शिकवण्याच्या या पद्धतीला आज ‘न्यूरोफीडबॅक’ म्हणतात.

मग एक योगायोग घडला. रॉकेटच्या इंधनातले मोनोमिथाइल हायड्रॅझिन शरीरात गेले तर झटके येतात. हे रसायन ब जीवनसत्त्वाच्या बी-६ या प्रकाराचे काम अडवते, त्यामुळे मेंदूला आवर घालणारे ‘गाबा’ हे द्रव्य कमी पडते आणि चेतापेशी बेफाम पेटतात. स्टरमन यांना त्याची मांजरांवर चाचणी घ्यायची होती आणि हाताशी असलेल्या मांजरांपैकी काही आधीच एसएमआर शिकलेली होती. तेवढ्याच मात्रेला या मांजरांना झटके यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. ही तुलना करायची असे कुणी ठरवलेले नव्हते. मांजराला ‘मला उपचार मिळतोय’ अशी आशा नसते, म्हणून या निकालाला वजन आले.

त्यानंतर अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, रुग्ण असलेली २३ वर्षांची तरुणी आली. दूध-पाण्याऐवजी लाल आणि हिरवा दिवा. हिरवा लागलेला ठेवायचा, एवढीच सूचना. तिचे झटके कमी झाल्याचा अहवाल १९७२ साली छापला गेला आणि पुढे तिला गाडी चालवण्याचा परवानाही मिळाला. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे स्टरमन यांनाही ठाऊक होते. १९७८च्या अभ्यासात त्यांनी आठ रुग्ण घेतले आणि फरक त्या लहरीमुळेच पडतो का हे पाहायला मध्येच बक्षिसाची लहर बदलली. आठपैकी सहा जणांचे झटके लक्षणीय घटले. अर्थात यावरून कुणी फिटची गोळी बंद करावी असे अजिबात नाही. हे प्रशिक्षण औषधाच्या जोडीला होते.

 लक्ष न लागणाऱ्या मुलांना आज केंद्रांत न्यूरोफीडबॅक दिले जाते, पण स्टरमन यांच्या कामातली एक गोष्ट त्यातल्या बऱ्याच केंद्रांत हरवली आहे: बक्षिसानंतरची उसंत. मांजराला दूध मिळाले की क्षणभर त्याच्या मेंदूत संथ लहरींची एक झुळूक यायची. काम फत्ते झाल्यावर मेंदू जणू सैल बसतो. स्टरमन यांच्या मते शिकलेले पक्के होण्यासाठी ही उसंत लागते. आज बक्षीस म्हणून मुलासमोरच्या पडद्यावर विमान अखंड उडत असते आणि गुण टिकटिकत वाढत असतात. डोळ्यांना मजा, पण नेमकी कोणती गोष्ट बरोबर केली हे मेंदूला समजायला वाव नाही.

प्रत्यक्ष सत्र कसे असते, ते जवळून पाहू. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावतात. अंतर ३६ सेंटिमीटर भरले तर १८ वर खूण. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजून तिथलाही मध्य काढतात. दोन्ही रेषा छेदतात तो बिंदू ‘सीझेड’. एसएमआरसाठी इलेक्ट्रोड, म्हणजे लहर टिपणारी छोटी चकती, इथे किंवा थोडी बाजूला बसते, आणि कानाच्या पाळ्यांना चिमटे. आधी खरखरीत जेलने त्वचा घासून मृत पेशी काढायच्या, मग वाहक पेस्टचा वाटाण्याएवढा गोळा. जोडणीचा रोध ५ किलोओहमच्या खाली आला तर काम चांगले.

आपल्याकडे इथेच पहिला घोळ होतो, तो खोबरेल तेलाचा. तेल लावलेल्या केसांवर पेस्ट धरत नाही, रोध कमी होत नाही आणि पडद्यावर मेंदूऐवजी खोलीतली वीज दिसू लागते. मेंदूची लहर १० ते १०० मायक्रोव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टचा फार तर दहा हजारावा भाग. भारतात घरातली वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेत ६० ची. अमेरिकेहून आणलेल्या यंत्राची गाळणी ६० वरच राहिली तर ५० हर्ट्‌झची गुणगुण सरळ आत शिरते. म्हणून आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नाही, कंडिशनर नाही. घाम आला तर रेषा संथपणे वरखाली तरंगते, तेव्हा पंखा हवाच.

दुसरा घोळ जबड्याचा, आणि तो जास्त फसवा आहे. चावण्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि २० हर्ट्‌झपासून वर सगळीकडे पसरते. ‘बीटा’ या वेगवान लहरींना बक्षीस लावले आणि स्नायूंची लुडबुड अडवली नाही, तर मूल एकाग्रता नव्हे, दात आवळायला शिकते. पडद्यावर प्रगती दिसते, घरी डोकेदुखी. याची परीक्षा सोपी आहे. जोडणी झाल्यावर मुद्दाम दात आवळून पाहा. तेव्हा गुण वाढले तर मांडणी चुकली आहे. वाढणाऱ्या गुणांऐवजी ‘नकार’ मिळायला हवा. त्यासाठी साधारण २२ ते ३६ हर्ट्‌झचा पट्टा पहारेकरी म्हणून ठेवतात, आणि पापण्यांची उघडझाप व पेंग पकडायला ४ ते ७ चा.

तिसरा घोळ सॉफ्टवेअरमध्ये दडलेला असतो. लहर किती उमटली की बक्षीस द्यायचे, ती मर्यादा यंत्र आपोआप सरकवत राहते, जेणेकरून दहातल्या सातवेळा तरी टाळ्या वाजतील. मूल दमले, लहर खालावली, तर मर्यादाही खाली येते आणि टाळ्या तेवढ्याच. यातून मूल काय शिकणार? मर्यादा सत्राच्या सुरुवातीला माणसाने ठरवावी आणि मग तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत तशीच ठेवावी.

एवढे सगळे नीट केले तरी प्रश्न उरतोच. २०२१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल छापला गेला. अवधान कमी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुले. एका गटाला खरे प्रशिक्षण, दुसऱ्याला आधीच नोंदवलेल्या परक्या लहरींवर चालणारे नकली. कोण कुठल्या गटात, हे मुलांना, पालकांना आणि प्रशिक्षकांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गट चांगलेच सुधारले, आणि सारखेच सुधारले. मग सुधारणा आली कुठून? ३८ सत्रे एका जागी बसणे, समोर लक्ष देणारा मोठा माणूस, बसल्याबद्दल शाबासकी. बक्षीस लहरीला मिळत होते असे आपण समजत होतो; कदाचित ते बसण्यालाच मिळत होते. ज्या केंद्रात हा निकाल सांगितला जात नाही आणि चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ मागितले जातात, तिथून उठलेले बरे.

ताणाचे व्यवस्थापन हा याच वर्तनशास्त्राचा शेजारचा मळा, पण तिथे मेंदूपर्यंत जाण्याची फारशी गरज पडत नाही. ताण आला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटे गार पडतात. कॅन्ससमधल्या टोपेका इथे मेनिंजर संस्थेत एल्मर ग्रीन यांनी हेच धरले: बोटाला तापमापक लावायचा आणि आकडा वर जाताना पाहायचा. ३० अंश सेल्सिअसच्या खालून ३४-३५ पर्यंत जाणे, ही शिकण्यासारखी गोष्ट आहे. मात्र एसीत बसून, नुकतीच सिगरेट ओढून किंवा थंड बाटली धरून मोजले तर आकडा ताणाचा नसतो.

श्वासाचे मापन तर त्याहून सोपे. रक्तदाब बदलला की हृदयाची गती त्याला सावरते, पण हे सावरणे सुमारे पाच सेकंद उशिरा पोचते. म्हणून दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा, घेतला की श्वासाचा आणि हृदयाच्या गतीचा झोका एका तालात येतात, जसा झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला धक्का. २००१ साली इटालियन संशोधकांनी २३ निरोगी लोकांना लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावले. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला.

चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, दिवसातून दोनदा दहा मिनिटे. इथली नेहमीची चूक म्हणजे छाती भरून खोल श्वास घेणे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस घाबरून सोडून देतो. मुंग्या आल्या तर वेग तोच ठेवा, श्वास उथळ करा. मिनिटाभरात त्या जातात.