जास्त एचपीची मोटार म्हणजे जास्त पाणी?

‘पाणी कमी पडतंय? पाचऐवजी साडेसातची मोटार टाका, दीडपट पाणी येईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण तो अर्धवट आहे.

एचपी म्हणजे काम करण्याचा वेग. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. पाणी किती येणार हे ते किती उंच चढवायचं यावरही ठरतं. 5 एचपी म्हणजे 3,730 वॅट. पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर पाण्याच्या वाट्याला सुमारे 2,240 वॅट येतात. 30 मीटर हेडसाठी (हेड म्हणजे पंपाला पाणी जेवढं चढवायचं ती उंची) बनवलेला पंप सेकंदाला साडेसात लिटर देईल, 60 मीटर हेडचा पंप पावणेचारच. मोटार मात्र दोन्हीकडे पाचचीच!

हेडमध्ये पाइपातलं घर्षणही येतं, आणि खरी गोम बहुतेकदा इथेच असते. तेवढंच पाणी तीन इंचीऐवजी दोन इंची पाइपातून न्यायचं तर घर्षण साधारण सातपट होतं. मग वाढवलेली एचपी पाइपातच जिरते. विहिरीला झरा कमी असेल तर मोठा पंप लवकर उपसा करून कोरडा फिरतो, सील जळतं.

तपासायला 200 लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. ड्रम 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला 5 लिटर. हा आकडा पंपाच्या पाटीवरच्या हेड-डिस्चार्जशी (किती हेडला किती पाणी) ताडून पाहा. आकडा फारच कमी आला तर आधी फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप), गळती आणि पाइपाचा व्यास बघा.