कॉर्पोरेट दौड, गोव्यातील

एकाच कंपनीतल्या, बँकेतल्या किंवा सरकारी खात्यातल्या सहकाऱ्यांनी आपल्या आस्थापनेच्या नावाने संघ करून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीत धावणे म्हणजे कॉर्पोरेट दौड. अंतर बहुधा ५ किंवा १० किमी. बोलताना लोक तिला सरसकट ‘मॅरेथॉन’ म्हणतात. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किमी ठरलेले आहे. त्या शब्दाचा धाक घेऊन कचेरीतले कितीतरी जण नावच नोंदवत नाहीत, म्हणून हा फरक आधीच सांगितलेला बरा.

या प्रकारातली सर्वांत ओळखीची शर्यत १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुरू झाली. ती मॅन्युफॅक्चरर्स हॅनोव्हर या बँकेने भरवली होती. पुढे बँकांची विलीनीकरणे होत गेली तसे नाव बदलले आणि आज ती जे. पी. मॉर्गन कॉर्पोरेट चॅलेंज म्हणून अनेक देशांत भरते. तिचे अंतर साडेतीन मैल, म्हणजे सुमारे ५.६ किमी. फ्रँकफुर्टला एका संध्याकाळी ६०,००० हून अधिक नोकरदार धावल्याची नोंद आहे. भारतात २००४ ची मुंबई मॅरेथॉन आणि २००८ ची बंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत यांच्यामुळे कंपन्यांनी एकगठ्ठा नावे नोंदवण्याची पद्धत रुळली.

गोव्यात कचेऱ्यांचे गट मुख्यतः खुल्या शर्यतींत उतरतात. झुवारीच्या काठाने चिखली-वास्को भागात डिसेंबरात होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन त्यांतली प्रमुख. पणजीत कांपालची झाडी, मिरामारचा किनारा आणि तिथून दोनापावलाकडे जाणारा रस्ता धावणाऱ्यांच्या पायाखालचा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत झाली. धावपटू गटांचे लोक पहाटे याच पट्ट्यात दिसतात. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, बेतोडा या औद्योगिक वसाहतींतले कामगार मात्र रोज तिथे पोहोचू शकत नाहीत. त्यांचा सराव वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर, पाळी सुटल्यावर, ट्रकांच्या कडेने होतो.

गर्दी. कॉर्पोरेट दौडीचे खरे वैशिष्ट्य गर्दी हेच आहे. समजा, ३,००० जण उभे आहेत आणि प्रारंभरेषेवरून सेकंदाला पाच जण जाऊ शकतात. तर शेवटच्या माणसाला रेषा गाठायलाच दहा मिनिटे लागतील. म्हणून छातीवरच्या क्रमांकाच्या कापडात, म्हणजे बिबमध्ये, चिप बसवलेली असते. रेषेवरच्या चटईवर पाय पडला की ‘टिक’ आवाज होतो आणि त्या माणसाचे घड्याळ तिथून सुरू होते. बंदुकीच्या बारापासून मोजलेली वेळ वेगळी आणि चिपची वेळ वेगळी. पहिल्यांदा धावणाऱ्याला हे कोणीतरी समजावून सांगायला हवे, नाहीतर तो पहिल्या दोनशे मीटरांतच जीव काढतो.

शर्यतीचा मार्ग वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेला असतो. गर्दीत ती वाट कोणालाच मिळत नाही. डावीउजवीकडून माणसे ओलांडत गेलेल्याचे प्रत्यक्ष अंतर वाढते आणि दमही लवकर जातो. हळू धावणाऱ्यांनी मागच्या टप्प्यात उभे राहावे, चालायचे झाल्यास कडेला यावे, चौघांनी हातात हात घालून रस्ता अडवू नये. एवढे पाळले तरी निम्मे धक्के टळतात. पणजीसारख्या अरुंद रस्त्यांच्या शहरात हे अधिकच खरे.

प्रस्तुत नोंदलेखकाने पाहिलेला एक प्रसंग इथे नोंदवण्यासारखा वाटतो. पहिल्याच वळणावर पॅकिंग विभागातल्या एका बाईंच्या बुटाची नाडी सुटली आणि त्या भर गर्दीत खाली वाकल्या. मागून लोंढा येत होता. त्यांच्याच विभागाचा सुपरवायझर आणि दोन ऑपरेटर त्यांच्या पाठीशी हात पसरून उभे राहिले. लोक दोन्ही बाजूंनी वाहत गेले. बाईंनी नाडीला दुहेरी गाठ मारली, कपाळावरचा घाम पदराऐवजी टी-शर्टच्या बाहीने पुसला आणि “चला साहेब” म्हणून पुढे निघाल्या. धावायला निघण्याआधीच नाडी दुहेरी बांधावी, हा धडा त्या दिवशी सगळ्या गटाने घेतला.

हवामान. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही. शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे. म्हणून कोरड्या गावात सहज जमणारा वेग इथे अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे शर्यती पहाटे सुरू करतात. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर तो नुसता ‘दमला’ असे समजू नये. उष्माघातात आधी अंग थंड करायचे, पाणी आणि बर्फ लावायचा, मग रुग्णालयात न्यायचे, असा क्रम आहे. संघप्रमुखाला तो तोंडपाठ हवा.

संघ. काही स्पर्धांत संघातल्या ठराविक धावपटूंच्या वेळांची बेरीज करून क्रम लावतात, तर काहींत स्त्री-पुरुषांचे मिश्र संघ असतात. पण बहुतेक कचेऱ्यांना क्रमांकाशी फारसे देणेघेणे नसते. नावे मागवणे, टी-शर्टांची मापे गोळा करणे, बस ठरवणे हे सारे एचआरकडे येते. इथे एक गोष्ट आग्रहाने मांडायला हवी. कंपनीचा संघ म्हणताना त्यात कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक आणि कँटीनमधली माणसे असली पाहिजेत. वर्षभर त्याच फाटकातून आत येणाऱ्या माणसाला टी-शर्ट मिळत नाही तेव्हा तो काही बोलत नाही, पण ते त्याच्या ध्यानात राहते. रात्रपाळी करून आलेल्याला त्याच सकाळी धावायला लावणेही चूक. झोप न झालेले शरीर उष्णता नीट झेपवत नाही, त्यामुळे आदल्या रात्रीची पाळी बदलून देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

पहाटेच्या बसमध्ये एकमेकांच्या छातीवर बिब लावण्याचे काम चालते. चार कोपऱ्यांना चार पिना. कोणाची पिन हरवते, मग कोणी आपल्या पर्समधून काढून देते. सरांना बिब लावताना शिकाऊ मुलाचा हात थरथरतो आणि सर मान वर करून निमूट उभे राहतात.

शर्यत संपल्यावर भेटायची जागा आधीच ठरवावी लागते, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असे नाही. ‘स्टेजजवळ’ असे सांगून भागत नाही, अमुक झाड किंवा अमुक दुकानाचे शटर असे नेमके सांगावे. आधी पोहोचलेले पदक गळ्यात घालून निघून न जाता शेवटचा सहकारी येईपर्यंत रेषेपाशी थांबतात, अशी चांगली रीत बऱ्याच गटांनी पाडली आहे. त्यानंतर आडसराचे, म्हणजे शहाळ्याचे पाणी, मग जवळच्या हॉटेलात पातळ भाजी, गरम उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, आणि मिरचीची भजी. दुपारपाळीवाल्यांना वेळेत हजर व्हायचे असते, म्हणून वेर्ण्याची बस दहाच्या आत सुटते.