ऐकू येते, पण कळत नाही

“आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही,” ही तक्रार साठी ओलांडलेली माणसे वारंवार करतात आणि घरचे लोक बहुधा तिला लक्ष नसल्याची सबब समजतात. ती तक्रार शब्दशः खरी असू शकते, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

बोलण्यातील स्वरांची बहुतेक ऊर्जा 3,000 हर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला 3,000 कंपनांच्या, खाली असते आणि आवाज मोठा वाटतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. अर्थ वेगळा करणारी अनेक व्यंजने मात्र क्षीण, क्षणभर टिकणारी आणि उच्च वारंवारतेची असतात. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील सारा फरक पहिल्या घर्षणध्वनीत आहे: ‘स’ची ऊर्जा साधारण 4,000 हर्ट्झच्या वर एकवटते, तर ‘श’ची त्याहून खाली सुरू होते. जुन्या टेलिफोनवर केवळ 300 ते 3,400 हर्ट्झचा पट्टा पोहोचत असल्यामुळेच नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असे पुन्हा विचारावे लागे.

शांत खोलीत निसटलेले व्यंजन मेंदू संदर्भावरून भरून काढतो. गोंगाटात तो संदर्भही तुटक होतो. शिवाय रहदारीच्या किंवा जनरेटरच्या आवाजाचा जोर खालच्या वारंवारतांत असतो. आंतरकर्णातील कॉक्लिया या शंखासारख्या वळलेल्या नळीच्या तोंडाशी उच्च आणि टोकाशी नीच वारंवारता ओळखली जाते. ध्वनीची लाट तोंडाकडून टोकाकडे जात असल्याने नीच वारंवारतेचा मोठा आवाज वाटेतल्या उच्च वारंवारतेच्या भागालाही हलवतो आणि तिथले क्षीण व्यंजन झाकून टाकतो. वयोमानाने होणारी झीज सहसा याच तोंडाकडच्या भागात आधी दिसते, आणि माणसात नष्ट झालेल्या केशपेशी, म्हणजे ध्वनी टिपणाऱ्या पेशी, पुन्हा उगवत नाहीत.

उच्च वारंवारतेचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. 4,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोक्याच्या रुंदीहून कमी. त्यामुळे डोक्याआडच्या कानाला तो बराच मंद ऐकू येतो आणि बोलणारा कोणत्या बाजूला आहे हे कळून त्याचा आवाज गर्दीतून वेगळा काढता येतो. 200 हर्ट्झची सुमारे 1.7 मीटर लांबीची लाट मात्र डोक्याला सहज वळसा घालते. तोंडातून निघणारे उच्च ध्वनीही मुख्यतः समोर जातात, त्यामुळे पाठमोऱ्या माणसांच्या बोलण्यातील हा भाग आपल्यापर्यंत कमी पोहोचतो आणि समोरच्याचा उठून येतो.

नेहमीची श्रवणचाचणी 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतच होते. 2019 साली अमेरिकेतील ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की 8,000 हर्ट्झच्या पलीकडील ध्वनीही गोंगाटातील बोलणे समजण्यास मदत करतात आणि ऑडिओग्राम (नेहमीच्या श्रवणचाचणीचा आलेख) सामान्य असलेल्या माणसांतही त्या पट्ट्यातील ऱ्हासाचा गोंगाटात ऐकण्याच्या अडचणीशी संबंध असतो. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर तक्रार मिटवणे मला योग्य वाटत नाही. गोंगाटात शब्द ओळखण्याची स्वतंत्र चाचणी असते आणि ती ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, आग्रहाने मागावी.

श्रवणयंत्राने उच्च वारंवारता वाढवता येते, परंतु ज्या भागातील केशपेशीच उरलेल्या नाहीत तिथे नुसता आवाज वाढवून स्पष्टपणा येत नाही. अशा माणसाशी बोलताना ओरडल्याने मुख्यतः स्वरच मोठे होतात. समोर येऊन, जवळून, तोंड दिसेल असे आणि थोडे सावकाश बोलल्यास व्यंजने त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.