हाताला चटका देणारी भिंत घर तापवते का?

अमेरिकेतील फिनिक्स शहरात 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस कमाल तापमान 43 अंश सेल्सिअसच्या वर राहिले. अशा उन्हात सिंथेटिक स्टकोच्या, म्हणजे थर्मोकोलवर चढवलेल्या पातळ कृत्रिम गिलाव्याच्या, पश्चिमेकडील भिंतीला दुपारी हात लावला की चटका बसतो, आणि ‘हा गिलावाच घर तापवतो’ असा समज होतो. प्रत्यक्षात ती भिंत आपले काम चोख बजावत असते.

महायुद्धोत्तर जर्मनीत विकसित झालेली ही पद्धत 1969 मध्ये अमेरिकेत आली. तिच्यात थर्मोकोलच्या जाड पाट्यांवर काचतंतूंची जाळी दाबून बसवलेला लेप आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचा रंगीत थर असतो. दोन्ही मिळून जेमतेम चार-पाच मिलिमीटर. खरी गंमत या पातळपणात आहे. एक चौरस मीटर लेपाचे वजन सहा-सात किलो, तर तेवढ्याच नऊ इंची विटांच्या भिंतीचे सुमारे चारशे. वीट दिवसभर उष्णता पोटात साठवते. लेपाला मात्र ती साठवायला जागा नाही आणि थर्मोकोल ती आत जाऊ देत नाही. भिंतीवर दर चौरस मीटरला 700 वॉट ऊन पडत असेल, तर गडद रंग त्यातले 600 शोषतो. पृष्ठभाग हवेपेक्षा एका अंशाने तापला की वारा आणि प्रारण (किरणांवाटे उष्णता बाहेर पडणे) मिळून साधारण 15 वॉट बाहेर टाकतात. म्हणजे हिशेब जुळेपर्यंत पृष्ठभागाला हवेपेक्षा 40 अंशांनी तापावे लागते, आणि तो काही मिनिटांतच तापतो. ढग आला की तितक्याच झपाट्याने निवतो. या सततच्या प्रसरण-आकुंचनाचा ताण खिडक्यांच्या कोपऱ्यांवर एकवटतो, म्हणून जाणते कारागीर तिथे जाळीचा जादा तुकडा तिरपा लावतात.

हवा 43 अंशांवर असताना गडद भिंत 80 च्या पुढे जाते, आणि त्या तापमानाला थर्मोकोल मऊ पडू लागतो. त्यामुळेच पडणाऱ्या प्रकाशापैकी किमान 20 टक्के परावर्तित करणारा रंग वापरावा, असा दंडक आहे. फिकट रंगाची वाढ 15-20 अंशांवरच थांबते. ‘उष्णतारोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या रंगांचा गुणही एवढाच, की ते ऊन परावर्तित करतात. केसभर जाडीचा थर थर्मोकोलची जागा घेईल, ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

निरभ्र रात्री हाच हलका लेप आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून हवेपेक्षाही थंड होतो. कोरड्या फिनिक्समध्ये त्याने फारसे बिघडत नाही, परंतु दमट जर्मनीत त्यावर दव साचते आणि उत्तरेकडील भिंतींवर शेवाळाचे हिरवे डाग उमटतात.