फिफ्टी डेज अ‍ॅट इलियम

अमेरिकन चित्रकार साय ट्वॉम्ब्ली (१९२८–२०११) यांची होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरील प्राचीन ग्रीक महाकाव्यावरची दहा मोठ्या कॅनव्हासांची चित्रमालिका. ट्वॉम्ब्ली १९५७ मध्ये रोमला गेले आणि इटलीतच रमले. रोमच्या उत्तरेला बास्सानो इन तेवेरिना या गावातल्या आपल्या घरी १९७७ व १९७८ च्या उन्हाळ्यांत त्यांनी ही मालिका रंगवली. १९८९ पासून ती फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

ट्रॉयचे युद्ध म्हटले की रथ, भाले, पिळदार शरीरे डोळ्यांसमोर येतात. इथे एकही माणूस रंगवलेला नाही. कॅनव्हास बहुतांशी पांढराच आहे आणि त्यावर पेन्सिलीने व तैलखडूने वीरांची नावे खरडली आहेत : वेडीवाकडी, काही खोडलेली, काही रंगाखाली अर्धी बुडालेली. हे अक्षर बालिश वाटते, पण ते कमावलेले आहे. १९५३-५४ मध्ये सैन्यात सांकेतिक लिपीच्या विभागात असताना ट्वॉम्ब्ली रात्री दिवे मालवून चित्रे काढत. हाताला लागलेले सफाईचे वळण त्यांना मोडायचे होते.

शीर्षकातले इलियम म्हणजे ट्रॉय. त्याच्या रोमन स्पेलिंगमधला शेवटचा स्वर ‘यू’. ट्वॉम्ब्ली यांनी तिथे जाणूनबुजून ‘ए’ घातला. तो ग्रीकांच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याचा, अ‍ॅकिलीझचा ‘ए’, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ‘द व्हेंजन्स ऑफ अ‍ॅकिलीझ’ या चित्रात हेच अक्षर सुमारे तीन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर भाल्याच्या पात्यासारखे वर चढते आणि त्याचे टोक रक्तासारख्या लाल रंगाने माखलेले आहे. सबंध मालिकेतले सर्वांत थेट भिडणारे चित्र हेच. जिवलग पॅट्रोक्लस मारला गेल्यावर अ‍ॅकिलीझचा जो संताप उसळला, त्याला चेहऱ्याची गरज उरत नाही.

मालिकेची मांडणी हा तिच्या अर्थाचाच भाग आहे. आधी एका छोट्या दालनात अ‍ॅकिलीझची ढाल एकटीच भेटते. देवांचा लोहार हेफेस्टस याने त्या ढालीवर सगळे जग कोरले, असे होमर सांगतो. ट्वॉम्ब्ली यांनी तिचे रेषांचे भोवंडणारे चक्र केले आहे. मग मोठ्या दालनात उरलेली नऊ चित्रे. एका बाजूला ग्रीकांची आग आणि उसळी, समोर ट्रोजनांची शांत, थंड छटा. दोहोंच्या मध्ये अ‍ॅकिलीझ, पॅट्रोक्लस आणि अ‍ॅकिलीझच्या हातून मारला गेलेला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर यांच्या छाया, तीन ढगांच्या रूपात. अ‍ॅकिलीझचा ढग लाल आहे. हेक्टरपाशी येईतो रंग विरत जातो. मारणारा आणि मारला गेलेला असे शेजारी तरंगताना पाहिले की कोण जिंकले हा प्रश्न मागे पडतो. होमरनेही काव्य विजयोत्सवावर संपवलेले नाही, हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपवले आहे.

या विषयाकडे ट्वॉम्ब्ली अचानक वळले नाहीत. १९६२ मध्येच त्यांनी अ‍ॅकिलीझचा सूड, पॅट्रोक्लसच्या मृत्यूचा शोक, ‘लीडा व हंस’ ही ग्रीक पुराणकथा हे विषय हाताळले होते. २०१० मध्ये लूव्र संग्रहालयातील कांस्यशिल्पांच्या दालनाचे छत त्यांनी रंगवले. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर तिथेही नावेच आहेत : फिडियस, मायरन, प्रॅक्सिटिलीझ अशा सात प्राचीन शिल्पकारांची, ग्रीक लिपीत लिहिलेली.