वर्ल्ड स्कॉलर्स कप आला कुठून?

हल्ली मुंबईत सेमी-इंग्लिशमधली मुलंपण वर्ल्ड स्कॉलर्स कपबद्दल (शाळेतल्या मुलांच्या टीमांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा) विचारतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळं इंग्लिशमध्ये आहे ना, मग आम्हाला जमेल का? तर आधी ही स्पर्धा आली कुठून ते बघूया, अर्धं उत्तर तिथेच आहे.

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत रॉबर्ट पीटरसन नावाच्या शिक्षण अधिकाऱ्यांनी अकॅडेमिक डेकॅथलॉन सुरू केलं, म्हणजे हायस्कूलच्या टीमांची अभ्यासाची स्पर्धा, आणि वर्ल्ड स्कॉलर्स कपचं मूळ तिथेच आहे. दहा प्रकार होते, गणित, विज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य, कला, संगीत, वर निबंध, भाषण आणि मुलाखतसुद्धा. पण खरी गंमत टीममध्ये आहे. टीम नऊ जणांची आणि त्यात तीन मुलं ए ग्रेडची, तीन बी आणि तीन सी! टीमचा स्कोअर काढताना तिन्ही गटांतल्या वरच्या दोघांचे मार्क धरायचे, म्हणजे नुसते टॉपर घेऊन जिंकताच येत नाही, सी ग्रेडवाल्या मुलाला तयार करावंच लागतं आणि त्याचे मार्क टॉपरइतकेच मोलाचे. मला हा नियम फार म्हणजे फारच आवडतो. आपल्याकडे स्पर्धेचं पत्रक आलं की वर्गातली तीच तीन-चार नावं जातात, बाकीच्यांना विचारतसुद्धा नाही कोणी.

पुढे १९८२ पासून डेकॅथलॉन अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर व्हायला लागलं. १९९४ ला जिंकलेल्या टाफ्ट हायस्कूलच्या टीममध्ये डॅनियल बर्डिचेव्हस्की होता. त्याने नंतर डेकॅथलॉनच्या तयारीचं साहित्य बनवणारी डेमीडेक ही कंपनी काढली आणि २००६ मध्ये तिच्यातूनच वर्ल्ड स्कॉलर्स कप उभा राहिला. सुरुवातीची फेरी झाली ती दक्षिण कोरियात, म्हणजे जिथे इंग्लिश ही घरची भाषा नाही अशा देशात. हे मुद्दाम लक्षात ठेवा.

इथे नऊऐवजी तिघांची टीम असते, ग्रेडची अट नाही. डिबेट आहे, बहुपर्यायी पेपर आहे (त्यात एकापेक्षा जास्त उत्तरांवर खूण करता येते, म्हणजे नक्की माहीत नसलं तरी विचार करून थोडे मार्क मिळतात), मोठ्या हॉलमध्ये टीमने मिळून उत्तरं द्यायची क्विझ आहे (तिला ‘बोल’ म्हणतात). आणि लिखाणाची फेरी, जी आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण त्यात विषयांवर आधी तिघांनी एकत्र चर्चा करायची, मग प्रत्येकाने वेगळा विषय घेऊन एकट्याने लिहायचं आणि शेवटी परत एकत्र येऊन एकमेकांचं लिखाण तपासायचं. ज्याचं इंग्लिश कच्चं पण मुद्दे पक्के, त्याला सावरायची सोय फेरीतच आहे. रीजनल, मग ग्लोबल राउंड आणि शेवटी अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स. खर्च मात्र दर टप्प्याला वाढतो, तो घरी आधीच बोलून घ्यावा.

मुंबईला असल्या गोष्टी नवीन नाहीत. १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड इथेच झाली होती, पण तिथे देशाची सहा जणांची टीम असली तरी पेपर ज्याचा त्याने सोडवायचा आणि तोही आपापल्या भाषेत. आपलं खरं नातं मला त्याहून जुनं वाटतं. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, दादाभाई नौरोजी त्यातलेच. इंग्लिशमध्ये निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, आणि तेच ज्ञान मराठी-गुजरातीत न्यायला ज्ञानप्रसारक सभापण लगेच सुरू केल्या, पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळासुद्धा!

म्हणून विचारणाऱ्या मुलांना मी हेच सांगते की दरवर्षी एक थीम जाहीर होते, २०२५ ची होती भविष्याबद्दल, आणि तिच्याखाली विज्ञान, इतिहास, साहित्य, कला सगळ्यावर भरपूर प्रश्न दिलेले असतात. ते प्रश्न घ्या, तिघांनी बसून आधी मराठीत कडकडून भांडा, मुद्दे सुचू देत, मग तेच इंग्लिशमध्ये मांडा. आणि तिसरा मेंबर घेताना मार्कशीट बघू नका, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न कोण विचारतो ते बघा.