श्वासनलिकेभोवतीचं कडं

डिचोलीत आमच्या शेजारी एक बाळ होतं. त्याच्या श्वासाची घरघर ओटीवर ऐकू यायची. आषाढात गोव्यातली निम्मी पोरं खोकतच असतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. सर्दीचं औषध झालं, वाफ झाली. आजीला मात्र एक खटकत होतं: झोपेत बाळ मान मागे टाकायचं, सरळ केली की पुन्हा मागे. उष्टावणानंतर पातळ पेज सहज उतरायची, मऊ भाताचा घास अडायचा.

आजीने नेमकं पाहिलं होतं. मान मागे टाकली की श्वासनलिका ताणली जाते आणि जरा मोकळी राहते. बाळ आपल्यापुरता उपाय करत होतं!

बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेल्यावर सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, कारण दिसलं: महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, एकाऐवजी दोन कमानी. गर्भात सुरुवातीला अशा कमानींच्या जोड्या सगळ्यांनाच असतात. चौथ्या ते आठव्या आठवड्यात त्या येतात आणि बऱ्याचशा विरतात. चौथ्या जोडीतल्या डावीपासून महाधमनीची कमान घडते. उजवीचा, उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीपुरता तुकडा उरतो, पुढची वाट बुजते. ती बुजलीच नाही तर दोन्ही बाजूंनी मिळून कडं तयार होतं आणि श्वासनलिका व अन्ननलिका त्यात सापडतात. हृदय बहुतेक वेळा ठणठणीत असतं, त्यामुळे नुसते ठोके ऐकून पत्ता लागत नाही.

तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद. ती निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, हिशेबाने १६ पट होतो. त्यात घास गिळताना अन्ननलिका फुगते आणि त्याच कड्यात मागून श्वासनलिकेवर रेटते. म्हणून दूध पिताना, जेवताना घरघर वाढते. दम्याचं औषध आतले स्नायू सैल करतं; बाहेरून आवळणाऱ्या धमनीला त्याचं काय? माझ्या मते, औषधाने हलत नाही आणि जेवताना वाढते अशी घरघर म्हटली की डॉक्टरांकडे हट्टाने पुन्हा जावं. हल्ली पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही हे कडं कधीकधी ओळखू येतं.

असं कडं शस्त्रक्रियेने पहिल्यांदा सोडवलं बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी, १९४५ मध्ये. दोन कमानींपैकी बारीक असलेली, बहुधा डावी, बांधून कापायची. हृदय उघडावं लागत नाही, त्यामुळे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनचीही सहसा गरज नसते.

पण महिनोन्‌महिने दाबाखाली वाढलेली श्वासनलिकेची कूर्चा (तिला उघडं धरणारं लवचीक हाड) लुळी राहते, ती लगेच ताठ होत नाही. शेजारच्या बाळाची घरघर ऑपरेशननंतरही बरेच महिने ओटीवर येत होती. भाताचा घास मात्र त्याच आठवड्यात उतरायला लागला.